'एल' म्हणजे नक्की किती?

प्रश्न : ऑनलाइन कुर्ती मागवते. एका कंपनीचा 'एल' छान बसतो, दुसरीचा काखेत काचतो. महिनाभरात तीनदा कुर्ती परत केली. माझंच माप वाढलंय का?
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : ताई, वजनकाटा राहू द्या. 'एल' हे माप नव्हे, नुसतं लेबल. प्रत्येक कंपनी ते आपल्या हिशेबानं लावते. म्हणून तर 'निफ्ट' या फॅशन शिक्षणसंस्थेनं मुंबईसह 6 शहरांत सुमारे 25 हजार भारतीयांची मापं घेण्याचा 'इंडियासाइज' प्रकल्प आखला.

तुम्ही मात्र टेप घ्या. सर्वात नीट बसणारी कुर्ती पलंगावर सपाट पसरा आणि काखेपासून काखेपर्यंत मोजा. 20 इंच भरलं, तर दुप्पट 40. हे कपड्याचं माप. तुमची छाती कदाचित 37च असेल. मधले 3 इंच हात हलवायला लागतात. घोटाळा इथंच होतो. तक्त्यातलं 40 अंगाचं की कपड्याचं, हे आधी वाचा. आकडे सेंटिमीटरमध्ये असतील तर 2.54नं भागा.

शोल्डर आणि सीटही मोजा. दोन मापांत अडकलात तर मोठं घ्या. टेलर बाजूनं आत घेऊन देतो, पण उसवून सैल करायला तयार कपड्यात माया क्वचितच असते. शोल्डरची दुरुस्ती मात्र किचकट. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, तेही धरा.

आणि लेबल तोडण्याआधी कुर्ती घालून दोन्ही हात वर करून बघा. लेबल निघालं की बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत.