अँटिव्हायरस घ्या, पण ऐकून

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे. लॅपटॉपवर एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. दुकानदार विकतचा अँटिव्हायरस घ्या म्हणतात. कोणता घेऊ?
– एक वाचक, तुळजापूर (जि. धाराशिव)

उत्तर : घाईने पैसे घालवू नका. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो, तोही फुकट, आणि एनव्हीडीए तो नीट वाचतं. तो उघडायला स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करून एंटर दाबा. आतली बटणं टॅबने सापडतात. घरच्या वापराला एवढं पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही पुण्याच्या क्विक हीलसारखा विकतचा हवाच असेल, तर आधी चाचणी आवृत्ती टाका. माउसला हात न लावता स्कॅन आणि अपडेट करून बघा. बटणांची नावं न येता नुसतंच ‘बटण, बटण’ ऐकू आलं, तर तो सरळ काढून टाका. धोक्याची सूचनाच कानावर पडणार नसेल, तर ते संरक्षण कसलं?

अँटिव्हायरस कोणताही असो, लॅपटॉपवर विंडोज १० असेल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हेही लक्षात घ्या.