वारुळाची ऊब

कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवर बसते. तिच्या अंगाच्या उबेने पिले बाहेर येतात. पण मगर थंड रक्ताची. तिच्या अंगाने अंडी कशी उबणार?

आपल्या कृष्णा नदीतली मगर काठावर खड्डा करते. त्यात अंडी घालून वर माती लोटते. उन्हाने माती तापते. काम भागते.

पण जिथे ऊन जमिनीवर पोचतच नाही, तिथे काय?

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन ही थोर नदी आहे. तिच्या खोऱ्यात घनदाट रान आहे. भर दुपारीही खाली गडद सावली. तिथल्या ओढ्यांत केमन कुळातली एक लहान मगर राहते. नर पाच-साडेपाच फूट लांब, मादी त्याहून लहान. दिवसा ती बिळात नाहीतर पोकळ ओंडक्यात दडून बसते. मासे, साप, रानातले लहान प्राणी खाते.

तिच्या अंड्यांना सुमारे ३० अंशांची ऊब लागते. सावलीत ती कुठून आणायची? मादी वाळवीचे वारूळ शोधते. त्याला लागून पालापाचोळ्याचा ढीग करते आणि त्यात अंडी घालते. पाला कुजून थोडी ऊब देतो. लाखो वाळव्या आत राबतात, त्यानेही वारूळ उबदार राहते. विल्यम मॅग्नसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ब्राझीलमधल्या रानात अशी घरटी तपासली. १९८५ साली त्यांनी ही माहिती छापली.

अंड्यातून नर निघणार की मादी, हेही उबेवरच ठरते. पिले निघायला जवळजवळ चार महिने लागतात. तोवर वाळवी कधी कधी अंड्यांभोवती माती लिंपते. ती घट्ट होते. मग पिले आतून ओरडतात आणि आई ढीग उकरून त्यांना बाहेर काढते.

विसाव्या शतकात कातड्यासाठी ॲमेझॉनमध्ये लाखो केमन मारले गेले. ही जात मात्र बरीचशी वाचली. हिच्या पोटाच्या कातड्यातही हाडाच्या चकत्या असतात. असे कातडे व्यापाऱ्याला नको असते.

कातड्याने तिला शिकाऱ्यापासून वाचवले. कुऱ्हाडीपासून ते कसे वाचवणार? रान तुटले की सावली जाते, ओढा आटतो. मग मगर राहील कुठे?

वाळवी म्हटली की आपल्याला पोखरलेली चौकट आठवते. पण त्या रानात तीच वाळवी मगरीच्या पिलांची दाई आहे.

सांगा पाहू :
१. केमन मादी वारुळाजवळ अंडी का घालते?
२. तुमच्या शिवारात कोणता जीव दुसऱ्या जीवाच्या आधाराने जगतो?