रहिमतुल्ला सयानी

मुलांनो, शिरूर कासारहून मुंबई दूर आहे. तरी आपल्या भागातील पुष्कळ माणसे कामधंद्यासाठी तिकडे जातात. तुमच्यापैकी कोणी प्रभादेवीला गेले असेल, तर त्याने रवींद्र नाट्यमंदिर पाहिले असेल. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला सयानी रोड म्हणतात. रोज हजारो लोक हे नाव घेतात. पण हे सयानी कोण होते?

रहिमतुल्ला महंमद सयानी यांचा जन्म ५ एप्रिल १८४७ रोजी एका खोजा मुसलमान घराण्यात झाला. हे घराणे मूळचे कच्छचे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्यानंतर अकराच वर्षांनी, म्हणजे १८६८ साली, सयानी एम. ए. झाले आणि १८७० साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. त्या काळी मुसलमान मुले इंग्रजी शाळेत क्वचितच जात. घरच्यांना भीती वाटे, की मुलगा इंग्रजी शिकला तर तो आपला राहणार नाही. सयानी शिकले, आणि आपल्या माणसांतच राहिले.

पुढे ते सॉलिसिटर झाले. हा शब्द तुम्हांला नवा असेल. कोर्टात उभा राहून बोलणारा वकील आपल्याला माहीत असतो. मुंबईच्या हायकोर्टात मात्र तेव्हा हे काम दोघांत वाटलेले होते. न्यायाधीशांपुढे बोलायचे ते बॅरिस्टरने. पण पक्षकाराचे म्हणणे ऐकून घेणे, कागदपत्रे तपासणे, तारखा जुळवणे आणि सारा दावा लिहून तयार करणे हे काम सॉलिसिटरचे. पक्षकार गुजराती बोले, मराठी बोले, उर्दू बोले. कोर्टाचे काम चाले इंग्रजीत. मध्ये सॉलिसिटर उभा. त्याने एक कागद नीट वाचला नाही, तर बॅरिस्टर कितीही छान बोलला तरी दावा बुडायचा! टाळ्या बॅरिस्टरला मिळत, हे खरे.

आपले शिरूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इकडच्या कचेऱ्यांत फारसी जाऊन उर्दू आली ती १८८० नंतरच्या काळात. म्हणून दावा, फिर्याद, वकील, अर्ज, तारीख, हजर हे शब्द तुम्हांला मराठीतही ओळखीचे वाटतात. कोर्टाची पायरी चढणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी ते कधीच रुळले आहेत.

सयानी मुंबई महानगरपालिकेचे सभासद होते. १८८५ साली ते मुंबईचे शेरीफ झाले आणि १८८८ साली महानगरपालिकेचे अध्यक्ष. परंतु त्यांची खरी कसोटी दुसरीकडे होती.

डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसची पहिली सभा भरली. बहात्तर प्रतिनिधी आले. त्यांत मुसलमान किती? फक्त दोन! एक सयानी. दुसरेही मुंबईचे आणि त्यांच्याच व्यवसायातले. तुम्ही कधी अशा सभेत बसला आहात का, जिथे आपल्यासारखे दुसरे कोणी जवळजवळ नाही? मग तुम्हांला ही गोष्ट समजेल.

दोन वर्षांनी बद्रुद्दीन तय्यबजी मद्रासच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. पण त्याच वेळी अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहण्यास सांगितले. सर सय्यद यांचे नाव तुम्ही आदराने घेता, ते योग्यच आहे. मुसलमानांनी आधी शिकावे, असे त्यांचे मत होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या मताविरुद्ध उभे राहणे सोपे नव्हते. ‘हा आपल्यांतला नाही’ असे म्हणायला लोकांना वेळ लागत नाही.

१८९६ साली कलकत्त्याला बारावे अधिवेशन भरले. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, दुष्काळ पडत होता आणि मुंबईत प्लेग शिरला होता. अशा वेळी सयानी अध्यक्ष झाले. काँग्रेसचे ते दुसरे मुसलमान अध्यक्ष. भाषणात त्यांनी काय केले? मुसलमानांनी काँग्रेसमध्ये का जाऊ नये, याची जी कारणे तेव्हा सांगितली जात, ती त्यांनी एकेक करून स्वतःच मांडली. कोणाची थट्टा केली नाही, कोणाला शिवी दिली नाही. मग एकेका कारणाला उत्तर दिले. मला यात जुना सॉलिसिटरच दिसतो. समोरच्याचे म्हणणे आधी पुरते कागदावर घ्यायचे आणि मगच त्याला उत्तर द्यायचे, ही सवय त्यांना कचेरीतच लागली असावी.

सगळ्यांना ते पटले असे नाही. त्यानंतरही बरेच मुसलमान काँग्रेसबाहेरच राहिले. सयानी मात्र आपल्या जागेवरून हलले नाहीत. १८९६ ते १८९८ या काळात ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातही होते. १९०२ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय

१. सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांच्या कामांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. सयानी यांनी विरोधकांची कारणे स्वतःच का मांडली असतील?
३. घरातील एखादा जुना दस्तऐवज मोठ्यांना विचारून वाचा. त्यातील उर्दू आणि मराठीत सारखे असलेले पाच शब्द लिहा.