गर्दींत तापणारी पिकप गाडी : दोषाची परीक्षा व उपाय

जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्याचा माल आतां बहुतेक पिकप गाडींतून बाजारास जातो. अंबड-घनसावंगीकडील मृग बहाराची मोसंबी तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावरच निघते. अशा वेळीं बाजाराच्या फाटकापुढील रांगेंत इंजिन तापून गाडी उभी राहिली, तर भाडें, फळ व दिवस हीं तिन्ही हातचीं जातात. शिवाय तापलेलें इंजिन तसेंच रेटल्यास त्याचें हेड वांकडें होतें, व मग खर्चास सुमार राहत नाहीं. सबब या दोषाची परीक्षा कोणत्या क्रमानें करावी, तें येथें कलमवार देत आहों.

प्रथम यंत्राची रीत ध्यानांत घ्यावी. जळणाच्या उष्णतेपैकीं थोडाच भाग चाकांच्या कामीं येतो. उरलेली उष्णता कांहीं धुरावाटे जाते व कांहीं पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. पंप हें पाणी इंजिनांतून रेडिएटरांत फिरवितो, आणि रेडिएटराच्या जाळींतून जाणारा वारा तें थंड करतो. गाडी धांवत असतां वारा आपोआप मिळतो. ती उभी राहिली कीं सर्व भार एकट्या पंख्यावर पडतो.

१. लक्षण. गाडी कोठें तापते, हें आधीं पाहावें. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. तो जालन्याजवळून जातो. अशा मोकळ्या रस्त्यावर कांटा स्थिर राहून शहरांत शिरतांच चढत असेल, तर संशय पंख्यावर व जाळीवर घ्यावा. उलट भरली गाडी चढावर किंवा वेगांत तापत असेल, तर पाण्याच्या फिरण्यांत अडथळा आहे असें समजावें.

२. पाणी व झांकण. सकाळीं इंजिन पूर्ण थंड असतां पाण्याची पातळी पाहावी. ती वारंवार उतरत असेल, तर नळ्या, पंप व रेडिएटराचे सांधे यांवर गळतीचे डाग शोधावे. झांकणाचें रबर चिरलेलें असल्यास झांकण बदलावें. हें झांकण कुकराच्या शिटीसारखें काम करतें. आंत दाब राहिल्यामुळें पाणी १०० अंशांच्या पुष्कळ वर गेल्याखेरीज उकळत नाहीं. दाब सुटला कीं तेंच पाणी लवकर उकळतें.

३. जाळी. कापसाची तूस, कडब्याचा भुसा, किडे व धूळ यांनीं जाळी बुजते. एसी असलेल्या गाडींत त्याची जाळी रेडिएटराच्या पुढें असते, व दोहोंमध्यें बराच कचरा सांठतो. इंजिन थंड झाल्यावर पाण्याची मंद धार आंतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूनें सोडावी. जोराच्या धारेनें पातळ पात्या वांकतात.

४. पंखा. हेंच कलम मुख्य होय. विजेचा पंखा असल्यास गाडी उभी ठेवून इंजिन चालूं ठेवावें. कांटा मध्याच्या वर जाऊं लागतांच पंखा सुरू झाला पाहिजे. न झाल्यास फ्यूज, रिले, तारा व मोटार हीं क्रमानें तपासावीं. इंजिन बंद असतांही हा पंखा एकाएकीं फिरूं शकतो, म्हणून किल्ली काढल्याशिवाय हात घालूं नये. पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्याच्या मध्यभागीं बहुधा सिलिकॉन तेलाची कपलिंग असते. गरम इंजिन बंद करून किल्ली काढावी व पंखा हातानें फिरवावा. तो जड लागला पाहिजे. एका झटक्यांत मोकळेपणीं गरगर फिरला, तर कपलिंग निकामी झाली असें जाणावें. पट्टा ढिला नाहीं ना, व पंख्याभोंवतीं असणारें कवच जागेवर आहे ना, हेंही पाहावें.

आमच्या गावांतील एका बागाईतदाराच्या गाडीस हाच दोष होता. एका मिस्त्रीनें थर्मोस्टॅट काढून टाकला. दुसऱ्यानें रेडिएटर बदलण्यास सांगितलें. पण रांगेंत कांटा चढतच राहिला, आणि थंडीच्या सकाळीं इंजिन लवकर गरम होईना. मोकळ्या रस्त्यावर ती गाडी कधींच तापत नव्हती. एवढी गोष्ट कोणी विचारलीच नव्हती. अखेर कपलिंग बदलली, थर्मोस्टॅट परत बसविला, आणि रेडिएटराचा खर्च वांचला.

५. थर्मोस्टॅट व हेड गॅस्केट. वरील सर्व ठीक असूनही गाडी तापली, तर थर्मोस्टॅट काढून पाण्यांत टांगावा व पाणी तापवावें. उकळी फुटण्यापूर्वींच तो उघडला पाहिजे. न उघडल्यास नवा बसवावा; त्यावांचून गाडी चालवूं नये, कारण थंड इंजिन जळण अधिक खातें व लवकर झिजतें. रेडिएटरांत सतत बुडबुडे, पांढरा दाट धूर, किंवा ताकासारखें झालेलें तेल दिसल्यास हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा व गाडी चालविणें थांबवावें.

६. विहिरीचें पाणी. आपल्याकडील विहिरी-बोअरचें पाणी बहुधा जड असतें. घागरीच्या तळाशीं जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटराच्या बारीक नळ्यांत बसतो. सबब कंपनीनें सांगितलेलें कुलंटच, शुद्ध केलेल्या पाण्यांत सांगितलेल्या प्रमाणानें घालावें. अडचणींत साधें पाणी घातलेंच, तर घरीं येतांच तें बदलून घ्यावें.

रांगेंत कांटा चढूं लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण चालूं करावा. त्यानें थोडी उष्णता बाहेर जाते. कांटा लाल रेघेस टेकला किंवा वाफ दिसली, तर गाडी बाजूस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. गरम झांकण कदापि उघडूं नये. उसळत्या पाण्यानें तोंड व हात भाजतात. तापल्या इंजिनावर थंड पाणीही ओतूं नये, त्यास तडा जातो. पुरता गारवा येईपर्यंत थांबावें.

जमिनीच्या उताऱ्याप्रमाणें गाडीचीही एक वही ठेवावी. कुलंट, पट्टा व झांकण केव्हां बदललें, आणि गाडी कोठें व कोणत्या वेळीं तापली, याची तारीखवार नोंद करावी. ती वही मिस्त्रीपुढें ठेवली म्हणजे अंदाजानें सुटे भाग बदलण्याचा प्रसंग येणार नाहीं.