तज्ज्ञांचा सल्ला आणि आपले डॉक्टर



माती परीक्षणाच्या कागदावर नत्र, स्फुरद, पालाश यांच्या मात्रा लिहिलेल्या असतात. पण शेताचा कोणता कोपरा चोपण आहे, पाणी कुठे साचते, हे प्रयोगशाळेला दिसत नाही. ते बघूनच खत टाकावे लागते. दूरच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याचेही असेच आहे.

जोराच्या पावसात वडिवळ्याचा पूल पाण्याखाली जाऊन पलीकडच्या गावांची वाट अनेकदा बंद झालेली आहे. एरवीही पुण्याच्या तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे दिवसाचा खाडा, भाडे, आणि सोबतीला घरचे एक माणूस. केंद्र शासनाने नोव्हेंबर 2019 मध्ये ई-संजीवनी सेवा काढली ती याचसाठी. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला पडद्यावर दूरच्या डॉक्टरांपुढे बसवतात. फेब्रुवारी 2023 पर्यंत देशभरात असे 10 कोटी सल्ले झाले. याखेरीज आपले नेहमीचे डॉक्टरही फोटो, रक्ताचे रिपोर्ट किंवा हृदयाचा आलेख पाठवून ओळखीच्या तज्ज्ञाला विचारतात. त्यात कमीपणा काही नाही. विचारणारा डॉक्टर आम्हाला न विचारणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

आता उत्तर आले, पुढे काय? समजा, भातलावणीत आणि उसाच्या सरीत ओल्याने वावरून एकाला जांघेत गजकर्ण झाले. दुकानातून आणलेल्या मलमाने आठ दिवस बरे वाटले, मग दुप्पट पसरले. असल्या मलमांत बरेचदा स्टेरॉईड असते. खाज थांबते, बुरशी मात्र वाढते. त्वचेचे तज्ज्ञ फोटो पाहून लिहितात : ते मलम बंद करा, बुरशीचे औषध बरेच आठवडे चालवा, घरात आणखी कुणाला असेल तर त्यालाही औषध द्या, कपडे कडक उन्हात वाळवा. सल्ला बिनचूक. पण आषाढात मावळात ऊन आणायचे कुठून? इथे आपले डॉक्टर कामाला येतात. कपड्यांवर इस्त्री फिरवा, टॉवेल वेगळा ठेवा, असे ते सांगतील. रुग्णाला यकृताचा जुना त्रास आहे हे त्यांना ठाऊक असेल, तर गोळी देण्याआधी तपासणी करतील, नाहीतर तज्ज्ञांना पुन्हा विचारतील. तज्ज्ञाने लिहिलेले जसेच्या तसे दिले नाही म्हणून काहीजण डॉक्टरांवर रुसतात. ते बरोबर नाही.

शासनाच्या 25 मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला, तरी रुग्णाच्या उपचाराची जबाबदारी विचारणाऱ्या डॉक्टरचीच राहते.

आणि ज्ञान नेहमी वरूनच खाली येते असेही नाही. महाडजवळच्या बिरवाडीला प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण जवळून पाहिले. पुढे प्राझोसिन हे औषध त्यावर गुणकारी ठरते हे त्यांनी दाखवले आणि मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांनी ते स्वीकारले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मात्र डॉक्टरला अर्धवट सांगितले तर तज्ज्ञालाही अर्धवटच कळणार. कंबरदुखीसाठी रोज गोळी घेता, वैद्याचे चूर्ण चालू आहे, मधुमेहाची गोळी मधेच सोडली, हे लाजू नका, सांगा. दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडू शकते आणि मग मधुमेहाच्या औषधाचे प्रमाणही बदलावे लागते. जुने कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून न्या. फोटो दिवसाउजेडी काढू द्या.

छातीत कळ, सर्पदंश, फवारणीचे विष पोटात जाणे, यांत पडद्यावरच्या सल्ल्याची वाट पाहू नये. थेट 108 ला फोन करावा.

सल्ला मागवल्यावर तीन-चार दिवसांनी "डॉक्टर, त्यांचे उत्तर आले का? त्यातले आपण काय करायचे?" असे आपणहून विचारावे, आणि उत्तराची प्रत घरच्या फाईलला लावून ठेवावी.