सदाकोचे वर्गमित्र

[जपानमधील काही शाळकरी मुलांनी आपल्या मैत्रिणीच्या आठवणीसाठी एक काम हाती घेतले. पाहता पाहता ते काम साऱ्या जगाचे झाले. त्याची हकिकत या पाठात सांगितली आहे.]

६ ऑगस्ट १९४५ चा दिवस. दुसरे महायुद्ध चालू होते. सकाळी सव्वाआठ वाजता अमेरिकेच्या विमानाने हिरोशिमा शहरावर अणुबाँब टाकला. क्षणात शहर उद्ध्वस्त झाले. वर्ष संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मरण पावली.

सदाको सासाकी तेव्हा दोन वर्षांची होती. ती वाचली. पुढे ती शाळेत जाऊ लागली. धावण्यात तिचा हात कोण धरणार! वर्गाच्या रिले शर्यतीत ती धावत असे.

पण अणुबाँबची किरणे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा परिणाम कधी कधी अनेक वर्षांनी दिसतो. १९५५ च्या फेब्रुवारीत सदाकोला रुग्णालयात ठेवावे लागले. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता.

कागदाचे हजार क्रौंच पक्षी बनवले, तर मनातली इच्छा पूर्ण होते, अशी जपानमध्ये समजूत आहे. सदाको पक्षी बनवू लागली. कागद संपले, की ती औषधांच्या पुड्यांचे कागद वापरी. तिने हजाराहून अधिक पक्षी बनवले. पण २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, ती मरण पावली.

तिच्या वर्गमित्रांना फार दुःख झाले. परंतु ते नुसते रडत बसले नाहीत. बाँबमुळे सदाकोसारखी कितीतरी मुले गेली होती. त्या सर्वांचे एक स्मारक उभारावे, असे त्यांनी ठरवले. पैसे कोठून आणायचे? त्याच सुमारास हिरोशिमात मुख्याध्यापकांची परिषद भरली होती. मुलांनी पत्रके छापली आणि तेथे जाऊन वाटली. मुख्याध्यापकांनी ती आपापल्या गावी नेली. मग मदतीचा ओघ सुरू झाला. जपानमधील ३,१०० हून अधिक शाळांनी पैसे पाठवले. इंग्लंडसह नऊ देशांतूनही मदत आली. थोड्याच वर्षांपूर्वी इंग्लंड आणि जपान एकमेकांशी लढले होते!

५ मे १९५८ रोजी, जपानच्या बालदिनी, हिरोशिमाच्या शांतता उद्यानात स्मारक उभे राहिले. त्याची उंची नऊ मीटर आहे. वर एका मुलीचा पुतळा आहे. तिने दोन्ही हातांनी क्रौंच उंच धरला आहे. आजही जगभरातून दरवर्षी सुमारे एक कोटी कागदी पक्षी तेथे येतात.

मुलांनो, जगात आजही हजारो अण्वस्त्रे आहेत. मग त्या पत्रकांचा काय उपयोग झाला, असे तुम्ही विचाराल. उपयोग हा, की जग सदाकोला विसरले नाही. जगाचा नागरिक होण्यासाठी कोणताही दाखला लागत नाही. न पाहिलेल्या माणसाचे दुःख समजून घ्यावे आणि आपल्याला जमेल ते काम आजच सुरू करावे. सदाकोच्या वर्गमित्रांनी तेच केले.

शब्दार्थ
उद्ध्वस्त होणे – पूर्ण नष्ट होणे
क्रौंच – लांब मानेचा व लांब पायांचा एक पक्षी
स्मारक – आठवण राहावी म्हणून उभारलेली वास्तू
पत्रक – माहिती छापलेला कागद
अण्वस्त्रे – अणूच्या शक्तीवर चालणारी शस्त्रे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सदाकोला कोणता आजार झाला?
(आ) मुलांनी पत्रके कोणाला वाटली?
२. इंग्लंडमधून मदत आली, हे विशेष का वाटते?
३. 'हात न धरणे' आणि 'हाती घेणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. 'शांतता', 'युद्ध', 'आठवण' या शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा.

उपक्रम : दुसऱ्या देशातील मुलांच्या अडचणीविषयी वर्तमानपत्रातील एक बातमी वर्गात वाचून दाखवा. आपल्याला काय करता येईल, यावर चर्चा करा.