आधी मजकूर मोकळा करा, मग संगणक बदला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले. तेव्हापासून माझ्या डीटीपीच्या दुकानात येणारी माणसं हमखास विचारतात, "ताई, संगणक ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही. लिनक्स टाकू का?" प्रश्न रास्त आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे चांगली चालती यंत्रं बाद ठरली आहेत. मी सांगते, जरूर टाका. पण त्याआधी तुमचा मराठी मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते बघा.

हे सोसून कळलेलं आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं मी तालुक्याच्या गावी करते. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं पेजमेकर आणि जोडीला मराठी फॉन्टचं एखादं पॅकेज, असंच चालत आलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. माझं फॉन्टचं पॅकेज डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नसे. ऐन सप्टेंबरात, वार्षिक सभांच्या धांदलीत, तो डोंगल बंद पडला. कंपनीला फोन केला, तर त्या आवृत्तीची सेवा संपली, नवी आवृत्ती घ्या, असं उत्तर मिळालं. नवी आवृत्ती माझ्या संगणकावर चालणारी नव्हती. पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर आणि माझ्याच हातांनी जुळवलेली पानं, दोन्ही असून नसल्यासारखी झाली. पतसंस्थेचा अहवाल मागच्या वर्षीच्या छापील प्रतीवरून रात्री बसून पुन्हा टाइप करावा लागला.

असं का होतं? जुन्या फॉन्टच्या फाइलीत मराठी साठवलेलंच नसतं. साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरं उरतात. युनिकोडमध्ये तसं नाही. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या अक्षरांना तिथे स्वतःचे क्रमांक आहेत. फॉन्ट कोणताही लावा, क तो कच राहतो.

म्हणून बदल करायचा तर क्रम सांभाळा: आधी फाइली, मग प्रोग्रॅम, सगळ्यात शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम.

फाइलींपासून सुरुवात करा. जुनी व्यवस्था चालू आहे तोवरच प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची पीडीएफ काढून ठेवा. मी ओळखीच्या एका छापखान्यात, जिथे तेच पॅकेज अजून चालू होतं, तिथे बसून हे काम उरकलं. अशा पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाहीत, मजकूर नीट कॉपीही होत नाही. पण मूळ पान कसं होतं याचा पुरावा राहतो. मग मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफशी ताडून वाचा. वाचायचा कंटाळा करू नका. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे 'निश्चित', 'प्रतिष्ठित' अशा शब्दांत ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. 'वार्षिक', 'निर्णय' यांचे रफार सरकतात. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं. मधेच आलेले ई-मेल पत्ते आणि इंग्रजी नावं यांचा तर चुराडा होतो. ताळेबंद असेल तर आकडे दोघांनी मिळून ताडा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं.

आणखी एक बारकावा. 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका प्रकाराने शोध घेतला की दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला शब्द बऱ्याचदा सापडत नाही. कार्यालयात चार जण टाइप करत असतील तर एकच पद्धत ठरवून घ्या.

दुसरी पायरी प्रोग्रॅमची. लिबरऑफिस विंडोजवरही चालतं. ते आहे त्याच संगणकावर टाका आणि हात बसू द्या. त्याचा ओडीटी हा फाइलप्रकार २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे उद्या दुसरा प्रोग्रॅम घेतला तरी फाइल अडकून पडत नाही. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट शिका. हा कीबोर्ड भारतीय मानक असून विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मिळतो. फॉन्टही आताच बदला. मंगल विंडोजसोबत येतो, लिनक्सवर नसतो. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट आला की ओळी सरकतात आणि बारा पानांची स्मरणिका तेरा पानांची होते. मुक्ता किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट वापरा. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत आणि छपाईला बिनदिक्कत चालतात. पानं जुळवायला स्क्रायबस आहे. त्याची जुनी स्थिर आवृत्ती जोडाक्षरं तोडत असे, पण २०२४च्या १.६मध्ये ती नीट जुळतात. त्याहून जुनी आवृत्ती घेऊ नका.

हे सगळं अंगवळणी पडलं की मगच लिनक्स. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला हात न लावता चालवून बघता येतं. तसं चालवा आणि रोजची कामं करून पाहा: पान छापा, स्कॅन करा, मराठी टाइप करा. माझा लेझर प्रिंटर इथेच अडला. त्याची छपाईची भाषा कंपनीची स्वतःची होती आणि लिनक्ससाठी नीट ड्रायव्हर नव्हता. हे आधी कळलं म्हणून गिऱ्हाइकासमोर खोळंबा झाला नाही. टॅली विंडोजसाठीच बनतं, तेव्हा हिशेबाचा संगणक विंडोजवरच राहू द्या. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का, ते विक्रेत्याला विचारा. एकाच यंत्रावर दोन्ही ठेवणार असाल तर डिस्कचे भाग पाडण्याआधी बॅकअप घ्या आणि डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

लिनक्सवर कटकटी नाहीत असं मी म्हणणार नाही. वर्डमधून आलेल्या तक्त्यांची मांडणी कधी कधी बिघडते, एखादं यंत्र ओळखलं जात नाही, आणि मदतीला गावात माणूस मिळेलच असं नाही. पण या कटकटींवर विचारून, शोधून उपाय निघतो. न वाचता येणाऱ्या फाइलीवर असा सहज उपाय नसतो. म्हणून कोणतं सॉफ्टवेअर भारी यावर वाद घालण्यापेक्षा आपली फाइल दुसऱ्या कशात उघडते का, हे आधी तपासावं असं माझं ठाम मत आहे.

गावोगावच्या ग्रंथालयांत, शाळांत, मंडळांत अशा फाइली पडून आहेत. संस्थांचे ठराव, गावांचे इतिहास, कुणाच्या कविता, सगळं त्यांत आहे. त्या ज्या जुन्या संगणकावर आज वाचता येतात, तो कृपा करून भंगारात देऊ नका. आधी त्यातला मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्या.